पाहुण्यांच्या मैफलीला यजमान हवा

२००७ च्या डिसेंबरात गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यावर 'सनबर्न' हा संगीतमहोत्सव पहिल्यांदा भरला. कार्ल कॉक्स, अबव्ह अँड बियाँड अशी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातली जगभर गाजलेली मंडळी तिथे आली आणि समुद्र, वर्षअखेरची सुटी व ठेक्यावर नाचणारी गर्दी यांची सांगड त्या नावाशी कायमची बसली. २०१६ साली हा महोत्सव समुद्र सोडून पुण्याजवळ केसनंदला आला. २०१७ आणि २०१८ साली तो मुळशी तालुक्यातल्या लवळे-बावधन परिसरात डोंगरउतारावर भरला आणि २०१९ साली पुन्हा गोव्यात, वागातोरला गेला. २०१० साली पुण्यातच जन्मलेला 'एनएच७ वीकेंडर' हा दुसरा मोठा महोत्सव २०२३ च्या डिसेंबरात मुळशीतल्याच नांदे गावी झाला. धरण, आंबेमोहोर तांदूळ आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह यांमुळे ज्याचे नाव महाराष्ट्राला ठाऊक, त्या तालुक्यात सहासात वर्षांत जगाच्या चार खंडांतले सूर येऊन गेले. असे महोत्सव आपली थोरवी पाहुण्यांच्या यादीवरून सांगतात: इतके देश, इतके प्रकार, इतके कलावंत. या लेखाचे म्हणणे असे की ही मोजणी अर्धीच आहे. ज्या जागी हे सारे जमतात त्या जागेचे स्वतःचे गाणे तिथे आहे का आणि ते आलेल्यांना आपल्या घरात बसवून घेते का, यावर विविधतेला अर्थ येतो. विविधतेला यजमान लागतो.

आधी अशा महोत्सवाची घडण समजून घेऊ. एकाच मैदानात तीन-चार किंवा त्याहून जास्त मंच असतात आणि दुपारपासून रात्रीपर्यंत त्यांवर कार्यक्रम चालू राहतात. प्रत्येक कलावंताला ठरलेला अवधी मिळतो. त्याला 'सेट' म्हणतात. नवख्यांना दुपारचे ऊन, तर सर्वांत मोठ्या नावाला रात्रीची शेवटची वेळ आणि सर्वांत मोठा मंच. हा 'हेडलायनर'. तिकिटे मुख्यतः त्याच्या नावावर खपतात. कोणत्या प्रकारचे संगीत आहे यावर मैदानाची आखणी ठरते. डीजेला एक टेबल, दोन-तीन प्लेअर आणि एक मिक्सर पुरतो; एक उतरला की दुसरा लगेच सुरू करू शकतो आणि ठेका तुटत नाही. बँडचे तसे नाही. ड्रम मांडायचे, गिटारची जोडणी करायची, प्रत्येक वाद्याचा माइक तपासायचा, यात बराच वेळ जातो. म्हणून बँडच्या महोत्सवात एक मंच वाजत असताना दुसरा सजत असतो. किनाऱ्यावर आणखी एक अडचण येते. खाऱ्या, दमट हवेत कातडी वाद्ये उतरतात आणि तारांचा सूर टिकत नाही. यंत्रातून येणाऱ्या सुराला ती बाधा होत नाही. समुद्राकाठच्या मोठ्या महोत्सवांत इलेक्ट्रॉनिक संगीताचे बस्तान सहज बसले, त्याला ही सोयही कारण असणार.

'सगळे एकसारखेच वाजते' ही इलेक्ट्रॉनिक संगीतावरची नेहमीची तक्रार. ती ऐकणाऱ्याच्या सवयीविषयी जास्त सांगते. या संगीतात लय मिनिटाला किती ठोके यावर मोजतात. 'हाउस' साधारण १२० ते १३० ठोक्यांत चालते, 'ट्रान्स' १३० ते १४० च्या आसपास, तर 'ड्रम अँड बेस' १७० च्याही पुढे जाते. मध्यलय आणि द्रुतलय यांतला फरक ज्याच्या अंगात मुरला आहे, त्याला हे अंतर किती मोठे आहे ते सांगावे लागत नाही. डीजेचे कौशल्य दोन ध्वनिमुद्रणांची लय जुळवून एकातून दुसरे उमलू देण्यात आणि ताण वाढवत नेऊन नेमक्या क्षणी ठेका परत आणण्यात असते. त्या क्षणाला 'ड्रॉप' म्हणतात. तिहाई समेवर येते तेव्हा सभागृहातून जी दाद उठते, तिच्याशी या क्षणाचे नाते दूरचे नाही. तेव्हा सनबर्नमध्येही विविधता आहे, मात्र ती एकाच घराण्यातली. कांदोळीतच २०१३ साली सुरू झालेला 'सुपरसॉनिक' २०१७ साली पुण्यात आला आणि २०१८ साली त्याच्या मंचावर इन्क्युबस हा अमेरिकी रॉक बँड आणि आल्ट-जे हा इंग्लंडचा बँड दिसला. वीकेंडरने तर पहिल्यापासून भारतीय स्वतंत्र बँडना मोठी जागा दिली. २०१९ साली पुण्यात त्याच्या यादीत ओपेथ हा स्वीडनचा मेटल बँड आणि कोडालिन हा आयर्लंडचा भावगर्भ गाणी म्हणणारा बँड एकत्र होते. मुंबईत अरबी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२४ साली झालेल्या 'लोलापलूझा'त स्टिंग, अनुष्का शंकर आणि कन्नड लोकगीतांचा बाज जपणारा रघू दीक्षित हे एकाच महोत्सवाचे मानकरी होते.

इतके सगळे एकत्र आल्यावर आणखी काय हवे, असे कोणी विचारेल. पण ते खरोखर एकत्र आलेले असतात का? चार मंचांवर एकाच वेळी चार प्रकार चालू असतील, तर मेटलचा चाहता मेटलच्या मंचापाशी जातो, रॅपचा चाहता रॅपच्या, आणि संध्याकाळ संपताना दोघांनी एकमेकांचे संगीत लांबून आलेल्या गडगडाटाएवढेच ऐकलेले असते. मैदान एक, तिकीट एक, पण उत्सव चार. याच्या शेजारी आपल्या गावची यात्रा ठेवून पाहा. पालखी निघते तेव्हा ढोल-लेझीम, देवळात भजन, रात्री तमाशा. तमाशातही गण, गौळण, बतावणी, लावणी, वग असा क्रम. भक्ती, थट्टा, शृंगार आणि कथा हे चार वेगळे रस आहेत, पण प्रत्येकाला आपली वेळ आहे, आणि गणाने सुरुवात होते म्हणून पुढे येणारी थट्टाही त्याच छत्राखाली येते. वगासाठी आलेल्याला गण ऐकावा लागतो आणि लावणीसाठी थांबलेल्याला बतावणी. एकाच्या आवडीची वाट दुसऱ्याच्या आवडीतून जाते. प्रकार मोजले तर यात्रा वीकेंडरपुढे फिकी पडेल. एका माणसाच्या कानावर किती वेगवेगळे पडले हे मोजले, तर कदाचित नाही.

वेगळ्या संगीताला नीट बसवले तर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही समुद्रकाठचेच आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या माँटेरे गावात १६ ते १८ जून १९६७ असे तीन दिवस पॉप महोत्सव झाला. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, ओटिस रेडिंग, द हू, दक्षिण आफ्रिकेचा ट्रम्पेटवादक ह्यू मासाकेला अशी मंडळी त्यात होती. आणि होते पंडित रविशंकर, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. दोन रॉक बँडांच्या मधल्या फटीत सतार बसवली असती, तर ती नवलाईची वस्तू ठरली असती. संयोजकांनी तसे केले नाही. रविवारची दुपार पूर्णपणे त्यांची होती. आलापाला अवकाश मिळाला, जोडाला मिळाला, जुगलबंदीला मिळाला. पेनबेकर यांनी त्या महोत्सवावर केलेला चित्रपट याच वादनावर संपतो आणि त्यात श्रोत्यांमध्ये बसून ऐकणारा हेंड्रिक्सही दिसतो. त्याच दिवशी रात्री तो स्वतः मंचावर गेला. इथून घेण्याजोगा धडा असा की वेगळेपणाला मान देणे म्हणजे यादीत नाव घालणे एवढेच नसते. त्या संगीताच्या प्रकृतीला लागणारी वेळ आणि शांतता देणे हा त्या मानाचा भाग आहे.

संगीताच्या प्रकृतीला वेळ लागते, हे पुण्याला वेगळे सांगायला नको. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव अनेक दशके रात्रभर चालत असे. तिथे मंच एकच. ख्याल, ठुमरी, सतार, सरोद, बासरी, कथक, भरतनाट्यम, कर्नाटक संगीत असे सारे त्या एका मंचावर एकामागून एक येत. तिथला यजमान ख्याल होता आणि बाकी सगळे त्याच्या घरी आलेले मानाचे पाहुणे. बासरी ऐकायला आलेल्याने भरतनाट्यम पाहिले आणि कथकाचा रसिक पहाटेच्या रागापर्यंत बसून राहिला, कारण उठून जायला दुसरा मंच नव्हता. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्याला आहे, पण उत्तररात्र गेली ती गेलीच. तिच्याबरोबर मध्यरात्रीनंतरचे रागही त्यांच्या नैसर्गिक वेळी मंचावरून ऐकू येईनासे झाले. नियम योग्य आहे. आजारी माणसाला आणि शाळकरी मुलाला झोप हवी. मात्र वेळ हरवली की संगीताचा एक प्रांत हरवतो, हेही तितकेच खरे, आणि लेखाच्या शेवटी याच नियमाकडे परत यायचे आहे.

समुद्रकाठाला तर यजमानपणाची जुनी परंपरा आहे. बंदरात जहाजे लागतात, माणसे उतरतात, काही राहतात, आणि राहणाऱ्यांचे संगीत स्थानिक होते. गोव्याचा मांडो हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यात शब्द कोंकणी, सुरावटींची मांडणी पाश्चात्त्य, साथीला व्हायोलिन आणि त्याच्या शेजारी मातीचे घुमट. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. त्यांतल्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करवल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. हे मीलन एका संध्याकाळच्या यादीतून घडले नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून, एकमेकांचे व्याकरण शिकून ते घडले. कांदोळीच्या वाळूवर जगभरचे डीजे आले तेव्हा मांडो आणि घुमट काही मैलांवरच होते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण किनाऱ्यावरच्या त्या बड्या महोत्सवाचा कणा गोव्याच्या संगीताचा कधीच नव्हता. म्हणूनच तो कांदोळीहून केसनंदला, केसनंदहून मुळशीला आणि मुळशीहून वागातोरला जाऊ शकला आणि त्याच्या संगीतात काही कमी झाले नाही. जो उत्सव कुठेही भरू शकतो, तो खऱ्या अर्थाने कुठलाच नसतो.

याच्या उलट मोरोक्कोतल्या एस्सवीरा गावाकडे पाहावे. अटलांटिक महासागराच्या काठी वसलेल्या या जुन्या बंदरात १९९८ पासून ग्नावा संगीताचा महोत्सव भरतो. सहारापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांचे हे संगीत. तीन तारांचे जाड आवाजाचे वाद्य, लोखंडी चिपळ्या, रात्रभर चालणारा विधी. महोत्सवाने या संगीताला कोपऱ्यात शोभेसाठी उभे केले नाही. ग्नावाचे उस्ताद यजमान झाले आणि जगभरचे जॅझ, ब्लूज व आफ्रिकी संगीताचे कलावंत त्यांच्याकडे पाहुणे म्हणून येऊ लागले, त्यांच्या लयीत आपले वाद्य बसवू लागले. २०१९ साली युनेस्कोने ग्नावाला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तिथली विविधता लवळ्याच्या माळावर उचलून नेता येणार नाही, कारण यजमानच तिथे राहतो.

मग मुळशीचा यजमान कोण? याचे उत्तर कल्पनेने शोधण्याची गरज नाही, ते नोंदलेले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि तो संग्रह वाढत वाढत एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. मुळशीतली कोळवडे, नांदगाव यांसारखी गावे त्याचा मोठा आधार आहेत. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी अनेक ओव्या गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केल्या आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. या ओव्यांत सीता आहे, पंढरीची वाट आहे, भाऊ आणि माहेर आहे, सासरचा जाच आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. बाईने बाईला सांगितलेले हे जग आहे, आणि ते जात्याच्या घरघरीच्या सुरावर उभे आहे. त्याच्या जोडीला मुळशी-मावळच्या गावागावांतली ढोल-लेझीम आहे, जिने पुण्याच्या गणेशोत्सवाला आपला घुमार दिला. म्हणजे एका टोकाला पाठीच्या कण्यात उतरणारा ढोल आणि दुसऱ्या टोकाला अंधारात एकटीने म्हटलेली ओवी. मोठ्या आवाजापासून नाजूक आवाजापर्यंतचा सगळा पल्ला या तालुक्याकडे आधीच आहे. मिनिटाला १३० ठोक्यांवर नाचायला आलेल्या तरुणाला ढोल परका वाटणार नाही, आणि शब्दांवर जीव टाकणाऱ्या रॅपरला ओवीत आपली बहीण भेटेल. दोघांचीही ताकद तोंडी रचनेत आणि अनुभव रोखठोक सांगण्यात आहे.

यावर आक्षेप येणारच. पहिला पैशाचा: तिकीट हेडलायनरच्या नावावर विकले जाते, ओवीवर नाही. हे खरे आहे आणि हेडलायनरला हटवा असे कोणी म्हणत नाही. पण तिकीट एका नावावर खपले तरी मैदानातले बाकीचे सात-आठ तास कशाने भरायचे, हा निर्णय संयोजकांच्याच हातात असतो. दुपारचे सेट नवख्यांना देण्याचा धोका ते आजही पत्करतात. वीकेंडरने त्या धोक्यातूनच कित्येक भारतीय बँडना श्रोते मिळवून दिले. एस्सवीराचा दाखला हेही सांगतो की स्थानिक संगीत हेच दूरच्या माणसाला बोलावण्याचे कारण होऊ शकते. दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: पैसे मोजलेल्या श्रोत्यावर न आवडणारे का लादायचे? लादू नये. चार मंच राहू देत. पण दिवसातला एखादा तास असा ठेवता येईल की बाकी मंच शांत असतील आणि एकच वाजत असेल. ज्याला ऐकायचे नाही त्याने जेवायला जावे. सवाई गंधर्वच्या श्रोत्यांनीही चहाचा पेला हातात घेऊन बाहेर उभे राहण्याचा हक्क कधी सोडलेला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो संगीतावर प्रेम करणाऱ्यांकडून येतो. ओवी मंचासाठी नाहीच, ती दळणाची सोबत होती. जाते गेले, विजेची चक्की आली, आता ओवी मंचावर नेणे म्हणजे मेलेल्या फुलपाखराला टाचणी लावणे, असे ते म्हणतील. यातली काळजी खरी आहे. प्रखर दिवे, पाठीमागे धूर, शेजारी कीबोर्ड आणि दोन मिनिटांची ओवी, असा प्रकार झाला तर तो अपमानच होईल. पण ज्या बायकांनी अभ्यासकांपुढे बसून शेकडो ओव्या म्हटल्या, त्यांनी आपले गाणे ऐकले जावे ही इच्छा आपल्या कृतीतून दाखवली आहे. गायचे की नाही, कुठे, किती आणि किती मानधनावर, हे त्यांनी ठरवावे. यजमान तोच, ज्याला घरात शब्द असतो. चौथा आक्षेप गावकऱ्यांचा: गर्दी, वाहने, कचरा आणि आवाज. त्याला उत्तर देण्याऐवजी तो मान्यच केला पाहिजे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे आणि डोंगराळ खोऱ्यात मोठ्या मंचाचा आवाज दूरवर जातो. पण गावाकडे निव्वळ भाड्याची जमीन म्हणून पाहिले की असा उपद्रव वाढतो. गाव यजमान असेल तर ध्वनिक्षेपकांची तोंडे कुणीकडे वळवायची आणि मंच किती वाजता थांबायचा, हे त्याला विचारावे लागेल.

इथे त्या नियमाकडे परत येऊ. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हेडलायनर उतरलेला, दिवे विझलेले, मुळा नदीच्या खोऱ्यावर धुके. महोत्सवाच्या हिशेबात हे आठ तास रिकामे आहेत. मुळशीच्या हिशेबात नाहीत. ओवीची वेळ हीच होती: कोंबडा आरवण्याआधी, घर झोपलेले असताना, चिमणीच्या उजेडात. तिला माइक कधी लागला नाही, आणि तिच्याने कोणाची झोपमोड झाल्याची तक्रार चावडीवर गेली नाही. उद्या मुळशीत कोणी महोत्सव भरवणार असेल, तर शेवटच्या दिवशी पहाटे, एका ओसरीवर, कोळवडे किंवा नांदगावच्या बायकांना वाटले तर त्यांनी जाते मांडून बसावे आणि ज्या थोड्या पाहुण्यांना ऐकायचे आहे त्यांनी जमिनीवर बसून ऐकावे. त्यात आदल्या रात्री हजारोंना नाचवणारा एखादा डीजे असेल, एखादा ड्रमवादकही असेल. माँटेरेत सतारीला एक दुपार मिळाली आणि ती पुरली. मुळशीला एक पहाट पुरेल.